हिंदुस्थानचा सभासद : हेन्री फॉसेट

इ. स. 1867 च्या जुलै महिन्यातील गोष्ट. तुर्कस्तानचा सुलतान अब्दुल अझीझ इंग्लंडच्या भेटीस आला होता. एवढा थोर पाहुणा घरी आल्यावर त्याच्या आदरातिथ्यात उणीव राहू नये, म्हणून लंडन शहरात अनेक समारंभ योजण्यात आले. त्यांपैकी एक समारंभ, जेथून हिंदुस्थानचा कारभार चाले त्या कचेरीच्या नव्या, भव्य इमारतीत झाला. इमारतीचा विशाल चौक असंख्य दिव्यांनी उजळून निघाला. नृत्य, संगीत आणि मेजवानी यांत रात्र सरली. पाहुणे संतुष्ट झाले आणि यजमानांनाही धन्यता वाटली. परंतु या समारंभाचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतून द्यावयाचे सरकारने ठरविले होते. पाहुणा तुर्कस्तानचा, यजमान इंग्लंडचा आणि पैसा मात्र हिंदुस्थानातील गरीब रयतेचा! त्या रयतेच्या कानी या समारंभाची वार्ताही गेली नव्हती. आदल्याच वर्षी ओरिसात भयंकर दुष्काळ पडला होता आणि सुमारे 10 लाख माणसे भूक व रोगराई यांना बळी पडली होती.

इंग्लंडच्या पार्लमेंटातील कॉमन्स सभेत त्या वेळी 658 सभासद होते. त्यांपैकी बहुतेकांना या गोष्टीत काही वावगे वाटले नाही. एक तरुण सभासद मात्र स्वस्थ बसला नाही. अंगाने उंचापुरा, आवाजाने खणखणीत आणि डोळ्यांवर काळा चष्मा असलेल्या त्या सभासदाने सरकारला विचारले, की या समारंभाचा खर्च कोण देणार आहे, आणि तो हिंदुस्थानने देण्याचे कारण काय? प्रश्न विचारणाऱ्या त्या सभासदाला समोरचा मंत्री दिसत नव्हता, सभागृह दिसत नव्हते, स्वतःच्या हातातील कागदही दिसत नव्हता. तो पूर्णपणे अंध होता. त्याचे नाव हेन्री फॉसेट.

हेन्रीचा जन्म 26 ऑगस्ट 1833 रोजी इंग्लंडच्या दक्षिण भागातील सॉल्सबरी या गावी झाला. त्याचे वडील विल्यम फॉसेट हे कापडाचे व्यापारी होते. पुढे त्यांनी शेती केली. गावात त्यांना मान होता आणि ते एकदा तेथील नगराध्यक्षही झाले होते. लहानपणी हेन्रीमध्ये विशेष हुशारीचे लक्षण कोणाला दिसले नाही. बाजाराच्या दिवशी गावात येणाऱ्या शेतकऱ्यांशी गप्पा मारणे त्याला पुस्तकापेक्षा अधिक आवडे. त्याला प्रथम अक्षरे शिकविणाऱ्या बाई तर त्याच्या द्वाडपणाने त्रासून गेल्या होत्या. या मुलाचे डोके म्हणजे चाळणी आहे, त्यात घातलेले काहीच राहत नाही, असे त्यांचे मत झाले होते. पुढे याच मुलाने एका मोठ्या देशाच्या जमाखर्चाचे आकडे मुखोद्गत करून मंत्र्यांना निरुत्तर केले, हे त्या बाईंना कोणी सांगितले असते तर त्यांचा विश्वास बसला नसता.

वय वाढले तशी हेन्रीला अभ्यासाची गोडी लागली. एकदा शाळेतील मुले, मोठेपणी कोण काय होणार, याविषयी आपापसांत बोलत होती. हेन्रीने आपण पार्लमेंटचे सभासद होणार असे सांगितले, तेव्हा सारी मुले खो खो हसली. सरदार, जमीनदार आणि धनिक यांनी भरलेल्या त्या सभेत दुकानदाराच्या मुलाला कोण बसू देणार, असे त्यांना वाटले असावे. हेन्रीने मात्र आपला बेत सोडला नाही. तो केंब्रिज विद्यापीठात गेला. तेथे गणिताच्या अत्यंत कठीण परीक्षेत 1856 साली त्याने सातवा क्रमांक मिळविला, आणि त्याच वर्षी ट्रिनिटी हॉल या महाविद्यालयाने त्याला फेलो नेमून त्याचा गौरव केला. पुढे वकिली शिकावी आणि वकिलीच्या मार्गाने पार्लमेंटात जावे, असा त्याचा विचार होता.

परंतु दैवाच्या मनात काही निराळेच होते. 17 सप्टेंबर 1858 हा दिवस उजाडला. हेन्री त्या वेळी 25 वर्षांचा होता. सुटीत घरी आलेला असताना तो वडिलांबरोबर हार्नम नावाच्या टेकडीवर पक्ष्यांच्या शिकारीला गेला. वडिलांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होऊ लागला होता. समोरून पक्षी उडाले, वडिलांनी बंदूक रोखली, आणि आपला मुलगा त्याच रोखात पुढे उभा आहे हे ध्यानात येण्यापूर्वीच बार उडाला. बहुतेक छर्रे हेन्रीच्या छातीवरील जाड कपड्यांत अडकले. पण दोन छर्रे त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचा भेदून डोळ्यांत शिरले. एका क्षणात त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले.

आपल्याच हातून पोटच्या मुलाचे डोळे जावेत, यापरते दुःख बापाला कोणते? विल्यम फॉसेट यांचे अंतःकरण दुभंगून गेले. हेन्रीने ते ओळखले. आपण दुःखी दिसलो तर वडील खचून जातील, म्हणून तो त्यांच्यापुढे नेहमी हसतमुख राहू लागला. या अपघातामुळे आपल्या आयुष्याच्या बेतात काहीही बदल होऊ द्यावयाचा नाही, असा निश्चय त्याने अपघातानंतर दहा मिनिटांच्या आतच केला होता, असे तो पुढे सांगत असे. तरीही आरंभीचे काही दिवस फार कठीण गेले. घरी येणारी सांत्वनाची पत्रे त्याला वाचून दाखविली जात. त्यांतील बरीचशी पत्रे, आता सर्व काही संपले, देवाची इच्छा मानून स्वस्थ बसावे, अशा अर्थाची असत. केंब्रिजमधील त्याचे गुरू हॉपकिन्स यांनी मात्र निराळ्या सुराचे पत्र लिहिले. आंधळ्या माणसालाही करता येण्यासारखे पुष्कळ काम जगात आहे, असा त्या पत्राचा आशय होता. त्या पत्राने हेन्रीला नवा धीर आला.

तो पुन्हा केंब्रिजला गेला. मित्रांना व लेखनिकांना पुस्तके वाचावयास सांगून ती तो लक्षपूर्वक ऐके. डोळे असताना जो व्यायाम व जे खेळ तो करीत असे, त्यांतील जमेल तेवढे त्याने चालू ठेवले. मित्राचा हात धरून तो लांब लांब फिरावयास जाई, नदीत नाव वल्हवी, घोड्यावर बसे, गळ टाकून मासे धरी, आणि हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून घसरण्याच्या खेळात डोळसांच्याही पुढे जाई. अभ्यासात त्याने अर्थशास्त्र हा विषय धरला. देशाची संपत्ती कशी निर्माण होते, ती कोणाच्या हाती जाते आणि करांचे ओझे अखेर कोणाच्या खांद्यावर पडते, या प्रश्नांचा त्याने खोल विचार केला. 1863 साली त्याचा अर्थशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठाने त्याला त्या विषयाचा प्राध्यापक नेमले.

पार्लमेंटात जाण्याचे ध्येय फॉसेट विसरले नव्हते. निवडणुकीसाठी लागणारा पैसा त्यांच्यापाशी नव्हता. आंधळा माणूस सभागृहात काय काम करणार, अशी शंका लोक उघडपणे बोलून दाखवीत. वेगवेगळ्या मतदारसंघांत त्यांनी प्रयत्न केले आणि अपयश घेतले. शेवटी 1865 साली ब्रायटन या शहराने त्यांना निवडून दिले. शाळेत हसलेल्या मुलांना त्यांनी अशा रीतीने उत्तर दिले. 1867 साली त्यांचा विवाह मिलिसंट गॅरेट या बुद्धिमान तरुणीशी झाला. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून या बाईंनी पुढे आयुष्यभर चळवळ केली. पतीच्या कार्यात त्या मनःपूर्वक सहभागी होत्या. सरकारी कागद, वर्तमानपत्रे आणि पत्रे त्या त्यांना वाचून दाखवीत आणि ते सांगतील तो मजकूर लिहून घेत.

फॉसेट यांचे लक्ष हिंदुस्थानकडे कसे वळले, हे समजण्यासाठी त्या काळच्या राज्यव्यवस्थेकडे पाहिले पाहिजे. ज्या 1858 साली फॉसेट यांचे डोळे गेले, त्याच साली ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य संपून हिंदुस्थानचा कारभार इंग्लंडच्या राणीच्या सरकारकडे गेला. लंडनमध्ये भारतमंत्री नावाचा एक मंत्री नेमण्यात आला. त्याच्या पगारापासून त्याच्या कचेरीच्या खर्चापर्यंत सर्व पैसा हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाई. परंतु ज्यांचा पैसा, त्या भारतीय लोकांना पार्लमेंटात एकही प्रतिनिधी निवडून देण्याचा अधिकार नव्हता. हिंदुस्थानचे अंदाजपत्रक कॉमन्स सभेपुढे येई, पण तेही अधिवेशनाच्या अगदी शेवटी, ऑगस्ट महिन्यात. तोपर्यंत बहुतेक सभासद शिकारीला किंवा समुद्रकाठी हवा खाण्यास निघून गेलेले असत. कोट्यवधी माणसांच्या सुखदुःखाचा विचार रिकाम्या बाकांसमोर होई आणि एका रात्रीत संपून जाई.

फॉसेट यांना ही गोष्ट अन्यायाची वाटली. ज्याला आपली बाजू मांडण्यास सभेत जागा नाही, त्याच्या पैशाची काळजी सभेने दुप्पट घेतली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याच्या घरचा कारभार आपण हाती घेतला, त्याच्या पैशाचा हिशेब काटेकोर ठेवणे हे विश्वस्ताचे पहिले कर्तव्य होय. परंतु एकटा सभासद काय करू शकणार? त्याच्यापाशी बहुमत नसते, खजिन्याच्या किल्ल्या नसतात आणि अधिकाऱ्यांना हुकूम देण्याची सत्ताही नसते. त्याच्यापाशी एकच साधन असते, आणि ते म्हणजे प्रश्न.

पार्लमेंटात प्रश्न विचारण्याची एक रीत ठरून गेलेली होती. सभासदाने आपला प्रश्न आधी लिहून द्यावयाचा. तो त्या दिवसाच्या कामकाजाच्या पत्रिकेवर छापला जाई. मग सभागृहात त्या प्रश्नाची पाळी आली, की संबंधित मंत्र्याने उभे राहून उत्तर द्यावयाचे. प्रश्नात वाद घालावयाचा नसे, भाषण करावयाचे नसे. केवळ माहिती विचारावयाची असे. एखादी गोष्ट प्रश्नोत्तराने उलगडण्यासारखी नसली, तर त्या विषयाचा लेखी तक्ता सरकारने सभेपुढे ठेवावा, अशी मागणी सभासदाला करता येई. वरवर पाहता हे साधन अगदी दुबळे वाटते. परंतु त्यात मोठे सामर्थ्य आहे. भाषणाला भाषणाने उत्तर देता येते आणि मूळ मुद्दा शब्दांच्या धुरळ्यात हरवून जातो. पण हा खर्च किती झाला, तो कोणाच्या हुकुमाने झाला आणि कोणाच्या पैशातून झाला, असे नेमके विचारले, म्हणजे उत्तरही नेमके द्यावे लागते. दिलेले उत्तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येते. मंत्र्याने उत्तर टाळले, तर ते टाळणेही सर्वांच्या नजरेस येते. शिवाय, उद्या कोणी तरी विचारील ही जाणीव राहिली, म्हणजे आज कागदावर सही करताना हात थोडा थबकतो.

सुलतानाच्या समारंभाविषयी फॉसेट यांनी प्रश्न विचारला, तेव्हा मंत्र्यांनी खर्चाचे समर्थन केले. तो खर्च हिंदुस्थानवरून हटला नाही. फॉसेट हरले. परंतु लंडनच्या एका कचेरीत चार भिंतींच्या आत ठरलेली गोष्ट सर्व जगापुढे आली. इंग्लंडमधील पुष्कळ सामान्य माणसांना प्रथमच कळले, की आपल्या सरकारच्या पाहुण्याची मेजवानी दुसऱ्याच कोणाच्या तरी पैशाने झाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरा प्रसंग आला. आफ्रिकेतील ॲबिसिनिया देशाच्या राजाने काही इंग्रज माणसे कैदेत ठेवली होती. त्यांना सोडविण्यासाठी मोहीम निघाली. तिच्यासाठी मुंबई बंदरातून फौज रवाना झाली. या फौजेतील भारतीय शिपायांचा नेहमीचा पगार हिंदुस्थाननेच द्यावा, असा ठराव सरकारने सभेपुढे मांडला. हे शिपाई परक्या देशात इंग्लंडचे काम करणार असताना त्यांचा पगार हिंदुस्थानने का द्यावा, असे फॉसेट यांनी विचारले. त्यांच्या बाजूने अगदी थोडी मते पडली आणि सरकारचा ठराव संमत झाला. पुन्हा पराभवच पदरी आला. पण फॉसेट निराश झाले नाहीत.

1868 साली त्यांनी सभेपुढे आणखी एक विषय आणला. हिंदुस्थानातील वरिष्ठ सरकारी नोकऱ्यांसाठी परीक्षा फक्त लंडनमध्ये घेतली जात असे. भारतीय तरुणाने समुद्र ओलांडून, हजारो रुपये खर्चून तेथे जावे, तेव्हा त्याला परीक्षेला बसता येई. ही परीक्षा कलकत्ता, मुंबई व मद्रास येथेही घ्यावी, अशी फॉसेट यांनी मागणी केली. मागणी मान्य झाली नाही, पण तो विषय सभेच्या दप्तरात नोंदला गेला आणि पुढील पिढीने तो उचलून धरला.

फॉसेट यांची काम करण्याची पद्धत पाहिली, म्हणजे कोणालाही आश्चर्य वाटेल. हिंदुस्थानच्या जमाखर्चाची जाडजूड सरकारी पुस्तके डोळस सभासदही उघडीत नसत. फॉसेट ती पानामागून पान वाचून घेत. एखादा आकडा मागील वर्षीच्या आकड्याशी जुळला नाही, तर वाचणाऱ्याला थांबवून ते मागील पान काढावयास सांगत. सारे आकडे त्यांच्या स्मरणात पक्के बसत. सभागृहात ते हाती एकही टिपण न घेता बोलत. तासभर भाषण झाले, तरी आकड्यांत चूक होत नसे. बोलताना त्यांनी अतिशयोक्ती केली नाही की कोणाला अपशब्द वापरला नाही. माहिती खरी असली म्हणजे आवाज चढविण्याची गरज नसते, हे ते जाणून होते.

त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आग्रहाचा परिणाम हळूहळू दिसू लागला. 1871 साली कॉमन्स सभेने हिंदुस्थानच्या आर्थिक कारभाराची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे काम 1874 पर्यंत चालले. फॉसेट हे त्या समितीचे सभासद होते. मोठमोठे अधिकारी साक्षीसाठी येत आणि हा अंध प्राध्यापक त्यांना शांतपणे एकामागून एक प्रश्न विचारी. केवळ अधिकाऱ्यांच्याच नव्हे, तर भारतीय लोकांच्याही साक्षी घ्याव्यात, असा त्यांचा आग्रह होता. 1873 साली दादाभाई नौरोजी या समितीपुढे आले. हिंदुस्थानातील माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाला अवघे 20 रुपये आहे, असा हिशेब दादाभाईंनी मांडला होता. समितीने त्यांचे कागद आपल्या अहवालात छापले नाहीत. पण दादाभाई थांबले नाहीत. आकड्यांच्या बळावर सत्तेला जाब विचारण्याचे कार्य त्यांनी पुढे अनेक वर्षे चालविले. याच सुमारास महाराष्ट्रातही जागृती होत होती. 1870 साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली होती आणि ती रयतेच्या स्थितीची माहिती गोळा करून सरकारकडे अर्ज पाठवू लागली होती.

1872 साली हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकावर फॉसेट यांनी जे भाषण केले, त्याने त्यांची कीर्ती दूरवर पसरली. लोक त्यांना हिंदुस्थानचा सभासद म्हणू लागले. ज्या देशात त्यांनी कधी पाऊल टाकले नव्हते, जेथील एकाही माणसाला त्यांना मत देता येत नव्हते, त्या देशाचे नाव त्यांच्या नावाशी जोडले गेले. कलकत्त्याच्या नागरिकांनी त्यांना मानपत्र पाठवून कृतज्ञता व्यक्त केली. 1874 साली ब्रायटनच्या निवडणुकीत फॉसेट यांचा पराभव झाला, तेव्हा ही बातमी ऐकून भारतीय लोकांना हळहळ वाटली. पुढील निवडणुकीच्या खर्चासाठी येथून वर्गणी गोळा करून धाडण्यात आली. थोड्याच दिवसांत लंडनमधील हॅकनी या मतदारसंघातून निवडून येऊन फॉसेट पुन्हा सभेत दाखल झाले.

1875 साली इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाले. या दौऱ्याच्या खर्चापैकी 30,000 पौंड हिंदुस्थानने द्यावेत, असे ठरले. फॉसेट यांनी त्यालाही विरोध केला. राजघराण्याविषयी त्यांच्या मनात अनादर नव्हता. दौरा करू नये, असेही त्यांचे म्हणणे नव्हते. पाहुण्याने यजमानाकडे जाताना आपल्या प्रवासखर्चाचा भार त्याच्यावर टाकू नये, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. पुढे 1878 साली अफगाणिस्तानशी युद्ध सुरू झाले, तेव्हाही त्या युद्धाचा बोजा एकट्या हिंदुस्थानवर टाकू नये, यासाठी ते झगडले. या वेळी मात्र त्यांच्या प्रयत्नांना काही फळ आले. नव्या सरकारने 1881 साली त्या खर्चापैकी 50 लाख पौंड इंग्लंडच्या तिजोरीतून देण्याचे ठरविले. सारा बोजा उतरला नाही, पण युद्ध पुकारणाऱ्याने त्याच्या खर्चाचा वाटा उचलला पाहिजे, हे तत्त्व मान्य झाले.

फॉसेट हे काही देवदूत नव्हते. हिंदुस्थान स्वतंत्र व्हावा, असे त्यांनी म्हटले नाही. इंग्रजांचे राज्य राहावे, पण ते न्यायाने व काटकसरीने चालावे, एवढीच त्यांची दृष्टी होती. त्यांचे बहुतेक ठराव फेटाळले गेले. तरी पराभव होणार हे दिसत असूनही योग्य प्रश्न विचारण्याचे त्यांनी सोडले नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे. त्यांच्या प्रश्नांचा लाभ केवळ हिंदुस्थानलाच झाला असे नव्हे. इंग्लंडमधील गावोगावची मोकळी कुरणे व राने धनिक लोक कुंपण घालून बळकावीत होते. गरिबांची गुरे चरण्याची आणि मुलांची खेळण्याची जागा नाहीशी होत चालली होती. फॉसेट यांनी सभेत या प्रकाराला अडथळा केला. लंडनजवळचे एपिंगचे प्रसिद्ध अरण्य वाचविण्यासाठी झटणाऱ्यांत तेही होते. ज्या हिरव्या रानाचे दर्शन त्यांना स्वतःला होणार नव्हते, ते इतरांच्या मुलांसाठी राखण्याकरिता ते भांडले.

1880 साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी फॉसेट यांना पोस्टमास्तर जनरल नेमले. आता पारडे उलटले. आजवर मंत्र्यांना प्रश्न विचारणारे फॉसेट आता स्वतः प्रश्नांची उत्तरे देणारे झाले. सत्तेच्या जागी बसल्यावर प्रश्न विचारणाऱ्यांचा राग येणे हा पुष्कळांचा अनुभव आहे. फॉसेट यांचे तसे झाले नाही. एखाद्या खेड्यातील टपालाची तक्रार असली, तरी ते तिची नीट चौकशी करवीत. त्यांच्या कारकिर्दीत गोरगरिबांच्या सोयीच्या अनेक सुधारणा झाल्या. एक एक पेनीची 12 तिकिटे कागदावर चिकटवून ती टपाल कचेरीत दिली, म्हणजे 1 शिलिंग बचत खात्यात जमा होई. त्यामुळे लहान मुलांनाही पैसा साठविण्याची सवय लागली. 1 ऑगस्ट 1883 पासून टपालाने पार्सले पाठविण्याची सोय झाली. टपाल खात्यात स्त्रियांना अधिक नोकऱ्या मिळू लागल्या.

परंतु अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली होती. 1882 साली ते मोठ्या दुखण्यातून उठले, पण पूर्वीची शक्ती परत आली नाही. 6 नोव्हेंबर 1884 रोजी केंब्रिज येथे वयाच्या अवघ्या 51 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. केंब्रिजजवळील ट्रम्पिंग्टन या खेड्यातील स्मशानभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. सहा वर्षांनी, 1890 साली, त्यांची कन्या फिलिपा हिने केंब्रिजच्या गणिताच्या त्याच कठीण परीक्षेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यापेक्षाही अधिक गुण मिळविले. हे पाहण्यास तिचे वडील हयात असते, तर त्यांना केवढा आनंद झाला असता!

ज्या साधनाने फॉसेट लढले, ते साधन त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी हिंदुस्थानातील प्रतिनिधींच्या हाती आले. 1892 च्या कायद्याने येथील कायदे मंडळांत सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रथमच देण्यात आला. त्यावर अनेक बंधने होती. मिळालेल्या उत्तरावर पुन्हा उपप्रश्न विचारण्याचीही मुभा नव्हती. ती 1909 च्या कायद्याने मिळाली. तरीही फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले यांसारख्या थोर पुरुषांनी या तोकड्या अधिकारातून सरकारला जाब विचारला. स्वतंत्र भारतात लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखून ठेवण्याची प्रथा पडली. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. महाराष्ट्राच्या विधिमंडळातही हीच पद्धत आहे. गावची शाळा गळत असली, धरणाचे काम रेंगाळले असले किंवा धान्याचे वाटप नीट होत नसले, तर गावाने निवडून दिलेला प्रतिनिधी त्याविषयी लेखी प्रश्न देऊ शकतो आणि मंत्र्याला त्याचे उत्तर द्यावे लागते.

सुलतानाच्या मेजवानीचे दिवे केव्हाच विझले. त्या रात्री कोण कोण नाचले, कोणते पक्वान्न वाढले गेले, याची आठवण आता कोणालाही उरलेली नाही. पण दृष्टी गमावलेल्या एका माणसाने विचारलेला साधा प्रश्न मात्र इतिहासात राहिला आहे : हा पैसा कोणाचा, आणि तो कोणाला विचारून खर्च केला?